पृथ्वीची कालगणना आणि पहिले जीव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भूशास्त्र शिकवते. व्याख्यान संपलं की मुलं, पालक, कधी सेवानिवृत्त मंडळी थांबतात आणि विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, आणि ते चांगले असतात. माझी एकच तक्रार आहे: पृथ्वीचा इतिहास म्हटलं की सगळ्यांना डायनासोर आठवतात. खरी मोठी गोष्ट त्यांच्या कितीतरी आधीची आहे, म्हणून इथली बहुतेक उत्तरं त्या आधीच्या काळाबद्दल आहेत.

भूवैज्ञानिक कालगणना म्हणजे नेमकं काय?

खडकांच्या थरांवरून रचलेलं पृथ्वीचं कॅलेंडर. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं आहे. त्याचे सर्वांत मोठे चार भाग, म्हणजे इऑन, असे: हेडियन (आरंभापासून सुमारे ४०० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत), आर्कियन (तिथून २५० कोटींपर्यंत), प्रोटेरोझोइक (२५० कोटींपासून ५३.९ कोटींपर्यंत) आणि फॅनेरोझोइक, ज्यात आपण आहोत. फॅनेरोझोइकचे पुढे पुराजीव, मध्यजीव आणि नवजीव असे तीन महाकल्प होतात, आणि महाकल्पांचे कालखंड: कँब्रियन, डेव्होनियन, जुरासिक, क्रिटेशस वगैरे.

शाळेत पाठ करायला लावतात ती जवळजवळ सगळी नावं या शेवटच्या इऑनमधली असतात. तो सगळ्या काळाचा जेमतेम १२ टक्के भाग आहे. उरलेल्या ८८ टक्क्यांना पुस्तकात एखादा परिच्छेद मिळतो.

आकडे ऐकतो, पण डोक्यात काही बसत नाही. कसं समजून घ्यायचं?

समृद्धी महामार्ग घ्या. नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे, एकूण ७०१ किलोमीटर. नागपूरला पृथ्वी जन्मली आणि आमण्याला आजचा दिवस आहे असं धरा. मग एक किलोमीटर म्हणजे सुमारे ६५ लाख वर्षं आणि एक मीटर म्हणजे साधारण साडेसहा हजार वर्षं.

गाडी वर्धा जिल्ह्यातून चालली आहे तोवर हेडियन. वाशिम जिल्ह्यात शिरता शिरता जिवाणूंच्या वसाहतींचे भरवशाचे पहिले पुरावे दिसतात. बुलढाणा जिल्ह्यात, निम्मा रस्ता संपत आला असताना, हवेत ऑक्सिजन साठू लागतो. शिर्डी येते तेव्हा ५२० किलोमीटर झालेले असतात, आणि अजून एकही प्राणी नाही. समुद्रात जिवाणू आणि शैवालं आहेत, जमीन उघडी आहे. कँब्रियन काळ सुरू होतो तो थेट इगतपुरीच्या तोंडाशी, ८३ किलोमीटर उरलेले असताना. डायनासोर नाहीसे होतात तेव्हा शेवट दहा किलोमीटरवर असतो. आपली माणसाची जात साधारण तीन लाख वर्षांची, म्हणजे शेवटचे ४६ मीटर. आणि शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून आजपर्यंतचा काळ? साडेपाच सेंटिमीटर. रस्त्यावर तीन बोटं टेकवा, त्यात तो मावतो.

मुलांना हे सांगते तेव्हा वर्गात एकदम शांतता होते. मलाही दर वेळी तीन बोटांशी आल्यावर थोडं थांबावं लागतं.

इतकं जुनं वय ठरवतात कसं? कार्बन डेटिंग करतात का?

नाही. कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे सुमारे ५० हजार वर्षांपलीकडच्या वस्तूत मोजण्याइतका तो उरतच नाही. लाकूड, कोळसा, हाडं, पुरातत्त्व यांसाठी तो उत्तम. खडकांसाठी फार मंद चालणारं घड्याळ लागतं. ते घड्याळ म्हणजे युरेनियम. युरेनियम-२३८ निम्मा व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात आणि शेवटी त्याचं शिसं होतं.

यात सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे झिरकॉन. वाळूच्या कणाएवढा स्फटिक. शिलारसातून घडताना तो युरेनियम आत घेतो, पण शिशाला जवळजवळ थारा देत नाही. त्यामुळे आज त्याच्या आत जे शिसं सापडतं ते बहुतेक सगळं नंतर युरेनियमपासून तयार झालेलं असतं. शिवाय युरेनियमचे दोन प्रकार वेगवेगळ्या गतीने दोन प्रकारचं शिसं बनवतात, म्हणजे एकाच कणात दोन घड्याळं. दोन्हींची वेळ जुळली तर वय पक्कं. नाही जुळली तर कणाला मध्ये काहीतरी धक्का बसलाय हे कळतं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये सापडलेला एक कण ४४० कोटी वर्षांचा निघाला. तो ज्या खडकात मुळात घडला तो खडक आता कुठेही नाही. खडक झिजून गेला, कण उरला.

पृथ्वीचं स्वतःचं वय मात्र पृथ्वीवरच्या खडकावरून काढता येत नाही, कारण सुरुवातीचे खडक टिकलेच नाहीत. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये उल्कांमधल्या शिशाचा आधार घेऊन ४५५ कोटी वर्षं हा आकडा दिला. त्याला सत्तर वर्षं होत आली, आणि आजचा आकडा त्याच्या अगदी शेजारी आहे.

कालखंडाची हद्द कोण ठरवतं?

आंतरराष्ट्रीय स्तरविज्ञान आयोग. जगात एखाद्या ठिकाणी थरांचा सलग, सुस्पष्ट छेद निवडायचा आणि त्यातल्या एका पातळीवर बोट ठेवून म्हणायचं, इथून नवा काळ. या जागेला भूशास्त्रज्ञ ‘गोल्डन स्पाइक’ म्हणतात. कँब्रियनची हद्द १९९२ मध्ये कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या फॉर्च्यून हेड इथे ठरली. तिथे खूण म्हणून कोणत्या प्राण्याचं शरीर नाही, तर चिखलात वळवळत गेलेल्या जीवाने सोडलेला माग आहे. एक हद्द आपल्या देशातही आहे: मेघालयातल्या मॉम्लुह गुहेतल्या लवणस्तंभावर ४,२०० वर्षांपूर्वीची पातळी नक्की करून २०१८ मध्ये ‘मेघालयन’ हा काळ मान्य झाला. आज आपण अधिकृतपणे मेघालयन काळात राहतो.

पहिला जीव कधी आला?

नक्की दिवस कोणी सांगू शकणार नाही, पण पुराव्यांची पायरी सांगता येते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागात सुमारे ३४८ कोटी वर्षांचे स्ट्रोमॅटोलाइट आहेत, आणि त्यांच्याबद्दल बहुतेक अभ्यासकांचं एकमत आहे. स्ट्रोमॅटोलाइट म्हणजे जिवाणूंच्या चिकट थरांनी गाळ धरून धरून बांधलेले घुमट. कापले तर आत कोबीच्या गड्ड्यासारखे एकावर एक पापुद्रे दिसतात. असे घुमट आजही जिवंत आहेत, ऑस्ट्रेलियातल्याच शार्क बेमध्ये. तिथलं पाणी इतकं खारट आहे की त्यांना कुरतडणाऱ्या गोगलगायी तिथे फारशा टिकत नाहीत.

त्याहून जुना, ३७० कोटी वर्षांचा दावा ग्रीनलंडमधल्या इसुआचा आहे. २०१६ मध्ये तो मोठ्या गाजावाजात आला. दोन वर्षांत दुसऱ्या गटाने तिथे जाऊन त्याच खडकाची तिसरी बाजू पाहिली आणि म्हटलं, हे घुमट नाहीत, दाबाखाली खडकाला पडलेल्या वळ्या आहेत. मला हा दुसरा अर्थ जास्त पटतो. ज्या खडकाने इतका दाब आणि उष्णता सोसली, त्याच्या आकारांवर जिवाणूंची कहाणी उभी करायची तर पुरावा फार भक्कम लागतो.

निर्जीवातून सजीव कसा झाला?

याचं पूर्ण उत्तर अजून कोणापाशी नाही. स्टॅनली मिलर यांनी १९५३ मध्ये दाखवलं की पाणी, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन यांच्यात विजेच्या ठिणग्या सोडल्या तर अमिनो आम्लं तयार होतात. म्हणजे कच्चा माल सहज मिळतो. कच्च्या मालापासून स्वतःची प्रत काढणारी पेशी कशी उभी राहिली, यावर समुद्रतळावरच्या उष्ण पाण्याच्या झऱ्यांपासून जमिनीवरच्या गरम कुंडांपर्यंत अनेक मतं आहेत. माझा विषय खडक, त्यामुळे मी इथेच थांबते.

ऑक्सिजन आधीपासून नव्हता? मग आला कुठून?

हा माझा सर्वांत लाडका प्रश्न, आणि त्याचं उत्तर द्यायला मी टेबलावर एक दगड ठेवते.

दगड हाताच्या पंजाएवढा, उचलला की अपेक्षेपेक्षा जड. त्यावर पट्टे आहेत: एक पोलादी राखाडी, एक तांबूस, पुन्हा राखाडी, काही पट्टे नखाएवढे जाड, काही सुतासारखे. भूशास्त्रज्ञ त्याला बी.एच.क्यू. म्हणतात, म्हणजे हेमॅटाइट आणि गारगोटीच्या जातीचा पट्टेदार खडक. झिलई नसलेल्या चिनी मातीच्या तुकड्यावर राखाडी पट्टा घासला की रेघ उमटते ती मात्र लाल. लोखंडाचा गंज. मुलं हा प्रयोग पुन्हा पुन्हा करतात, मीही त्यांना करू देते.

आता गोष्ट अशी. सुरुवातीच्या समुद्रात लोह विरघळलेल्या रूपात होतं, आणि ते तसं राहू शकलं कारण पाण्यात ऑक्सिजन नव्हता. मग सायनोबॅक्टेरिया आले. सूर्यप्रकाश, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वापरून ते अन्न करू लागले आणि टाकाऊ वायू म्हणून ऑक्सिजन सोडू लागले. तो पाण्यातल्या लोहाला भेटला की लोह गंजून तळाशी बसे. सगळंच लोह अशा रीतीने बसलं असं नाही; ऑक्सिजनशिवायही लोहाचं ऑक्सिडीकरण करणारे जिवाणू आहेत, आणि जुन्या पट्ट्यांत त्यांचा हात असावा असं अनेकांना वाटतं. पण समुद्रतळावर थरावर थर पडत गेले आणि त्यांतून हे खडक घडले. आज जगातलं बहुतेक लोहखनिज याच खडकांतून येतं.

गोव्याच्या खाणींतलं खनिज मुळात अशाच पट्टेदार खडकांपासून आलेलं आहे; नंतरच्या लाखो वर्षांच्या पावसाने आणि उष्ण हवामानाने त्यातली गारगोटी धुऊन नेली आणि लोह दाट झालं. सिंधुदुर्गातलं रेडी, गडचिरोलीतलं सूरजागड हीसुद्धा लोहाच्या जुन्या खडकांचीच ठिकाणं. सूरजागडच्या खाणीवरून होणारा वाद मला ठाऊक आहे, आणि तो तिथल्या माणसांच्या जगण्याचा आहे. पण त्या डोंगराबद्दल बोलताना कोणीतरी हेही सांगावं असं मला मनापासून वाटतं, की तो डोंगर एका समुद्राचा तळ आहे आणि तो समुद्र निळा नसावा, बहुधा हिरवट असावा.

हवेत ऑक्सिजन साठू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. इतकं नेमकं कसं कळतं? गंधकामुळे. त्याआधीच्या खडकांत गंधकाच्या समस्थानिकांचं, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, एक विचित्र प्रमाण सापडतं. ते फक्त सूर्याचे अतिनील किरण ओझोनच्या आडकाठीशिवाय हवेत खोलवर पोचले तरच तयार होतं. जेम्स फार्कर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये हे दाखवलं. साधारण २४० ते २३० कोटींच्या दरम्यान ते प्रमाण खडकांतून नाहीसं होतं, आणि मग परत दिसत नाही.

ऑक्सिजन तेव्हाच्या बहुतेक जीवांसाठी विष होतं हेही लक्षात ठेवा. त्यांतले काही चिखलात, खोल समुद्रात, आणि पुढे प्राण्यांच्या आतड्यांत जाऊन राहिले. गोबर गॅसच्या टाकीत मिथेन करणारे सूक्ष्मजीव त्याच जुन्या, ऑक्सिजन न सोसणाऱ्या मंडळींचे वारस आहेत.

त्यानंतर शंभर कोटी वर्षं काहीच घडलं नाही, हे खरं का?

नाही. १८० ते ८० कोटी वर्षांपूर्वीच्या काळाला कंटाळवाणा म्हणायची पद्धत पडली आहे आणि ती मला मुळीच आवडत नाही. याच सुमारास केंद्रक असलेली पेशी आपलं बस्तान बसवत होती. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये ठामपणे मांडलं की आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका या मुळात वेगळे जिवाणू होत्या. एका पेशीने दुसरीला आत घेतलं, पचवलं नाही, आणि दोघी एकत्र नांदू लागल्या. हरितलवकांचंही तसंच. सुरुवातीला त्यांचा निबंध अनेक नियतकालिकांनी नाकारला. आज तो पाठ्यपुस्तकात आहे.

भारतात या जुन्या जीवांचे काही पुरावे आहेत का?

आहेत, आणि त्यांची कहाणी वाचण्यासारखी आहे. विंध्य पर्वताचे गाळाचे खडक फारसे न चुरगळता टिकले आहेत. त्यांतल्या चित्रकूट परिसरात रफत आझमी या भारतीय शास्त्रज्ञांना बारीक जीवाश्म सापडले. १९९८ मध्ये त्यांनी ते कँब्रियन काळाच्या सुरुवातीचे म्हणून प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मध्य प्रदेशातल्या सीधी जिल्ह्यातल्या चोरहाटच्या खडकात ११० कोटी वर्षांपूर्वीच्या किड्यांची बिळं असल्याचा दावा आडोल्फ झायलाखर, जादवपूरचे प्रदीप बोस आणि सहकाऱ्यांनी केला. एक म्हणतो खडक ५४ कोटींचे, दुसरा म्हणतो ११० कोटींचे. दोन्ही बरोबर असणं शक्य नव्हतं. आझमींच्या शोधावर तर संशयाची राळ उडाली.

मग राखेच्या थरांतल्या झिरकॉनचं वय मोजलं गेलं. उत्तर आलं सुमारे १६० कोटी वर्षं. दोघांनाही धक्का. इतक्या जुन्या काळात किडे असतील हे कोणी सहज मानणार नव्हतं. पण आझमींचे जीवाश्म? स्टेफान बेंगट्सन आणि सहकाऱ्यांनी ते पुन्हा तपासले. जीवाश्म अस्सल निघाले, फक्त काळ चुकला होता. क्ष-किरणांनी आत पाहिलं तेव्हा पेशींच्या ओळी दिसल्या, आणि प्रत्येक पेशीत हरितलवकासारखी एक चकती. २०१७ मध्ये त्यांनी ते लाल शैवालासारखे जीव म्हणून प्रसिद्ध केले आणि एकाला नाव दिलं राफातआझ्मिया चित्रकूटेन्सिस. वर्षानुवर्षं संशय सोसलेल्या माणसाचं नाव आणि चित्रकूटचं नाव एका शैवालावर एकत्र कोरलं गेलं. हे नाव फळ्यावर लिहिताना मला आजही बरं वाटतं.

भीमबेटकाला डिकिन्सोनियाचा जीवाश्म सापडला होता ना?

सापडला असं वाटलं होतं. डिकिन्सोनिया हा ५५ कोटी वर्षांपूर्वीचा, गादीसारखा चपटा, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना शिरा असलेला जीव. त्याच्या एका जीवाश्मात २०१८ मध्ये कोलेस्टेरॉलचे अंश मिळाले, तेव्हा तो प्राणीच होता हे जवळजवळ नक्की झालं. २०२१ मध्ये बातमी आली की भीमबेटकाच्या गुहेत तसाच ठसा आहे. वर्तमानपत्रांनी उचलून धरली, मीही वर्गात सांगितली.

नंतर भूशास्त्रज्ञ जो मीर्ट आणि त्यांचे सहकारी तिथे गेले तेव्हा तो ‘जीवाश्म’ दगडावरून सुटून पोपडे धरत होता. जीवाश्म दोन-तीन वर्षांत असा झडत नाही. तो होता आग्या मोहोळाचा उरलेला ठसा. मधमाश्यांनी कड्याला लावलेलं पोळं गळून गेल्यावर मेणाचा जो आकार मागे राहतो, तो. मूळ निबंधाचे प्रमुख लेखक ग्रेगरी रिटॅलक यांनी ते मोकळेपणाने मान्य केलं. मी पुढच्या वर्षीच्या वर्गात दुरुस्ती सांगितली. सह्याद्रीत कडे चढणाऱ्यांनी असे ठसे शेकड्यांनी पाहिले असतील.

मग प्राणी अचानक आले का? ‘कँब्रियन स्फोट’ म्हणतात तो काय?

अचानक म्हणजे काही कोटी वर्षांत. त्याआधी पृथ्वी दोनदा जवळजवळ पूर्ण गोठली होती, पहिल्यांदा सुमारे ७१.७ कोटी वर्षांपूर्वी. ६३.५ कोटींच्या सुमारास बर्फ हटलं आणि एडियाकरन काळ सुरू झाला. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एडियाकारा टेकड्यांत रेग स्प्रिग यांना १९४६ मध्ये मऊ शरीराचे ठसे सापडले, त्यावरून हे नाव. मग कँब्रियनमध्ये कवच, पाय, डोळे, दात दिसू लागतात. चीनमधलं चेंगजियांग (५१.८ कोटी) आणि कॅनडातलं बर्जेस शेल (५०.८ कोटी) इथे मऊ अवयवांसकट हे प्राणी जपले गेले. कठीण कवच टिकतं, मऊ शरीर सहसा टिकत नाही, त्यामुळे आधीचा काळ आपल्याला होता त्याहून रिकामा दिसतो.

सह्याद्रीत जीवाश्म शोधायला जाऊ का?

सह्याद्रीचा काळा कातळ हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग त्याखाली झाकलेला आहे. लाव्हात समुद्री जीव मिळणार नाहीत, आणि तो आपल्या गोष्टीच्या मानाने कालचा आहे. जुने खडक पाहायचे तर गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया किंवा सिंधुदुर्गाकडे जावं लागतं. गडचिरोलीतल्या सिरोंचा भागात डायनासोरांच्या काळातले जीवाश्म मात्र आहेत.

पूजेच्या संकल्पात कल्प, मन्वंतर येतं. कल्प ४३२ कोटी वर्षांचा. म्हणजे हे आधीच माहीत होतं का?

‘श्वेतवाराहकल्पे वैवस्वतमन्वंतरे’ हे शब्द मीही लहानपणापासून ऐकत आले, त्यामुळे प्रश्न जवळचा वाटतो. पण पुराणांच्या हिशोबात ४३२ कोटी ही ब्रह्मदेवाच्या एका दिवसाची लांबी आहे, पृथ्वीचं वय नाही. त्याच हिशोबाने चालू कल्पातली आतापर्यंत सुमारे १९७ कोटी वर्षं झाली आहेत, आणि हा आकडा खडकांशी जुळत नाही. कोट्यवधी वर्षांचा काळ कल्पनेत धरण्याचं धैर्य आपल्या परंपरेत होतं, याचा मला अभिमान आहे. वय मोजण्याची रीत मात्र झिरकॉनची आहे.

रस्त्याच्या कडेला पट्टेदार किंवा ठसे असलेला दगड दिसला तर काय करू?

आधी हात लावू नका. शेजारी नाणं किंवा पेन ठेवून फोटो काढा, एक जवळून आणि एक लांबून, म्हणजे कोणत्या थरात आहे ते दिसेल. फोनवरून जागा नोंदवून ठेवा. दगड उचलला की त्याचा थराशी संबंध तुटतो, आणि मग तो कितीही सुंदर असला तरी त्याचं वय सांगणं कठीण होतं. फोटो जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात दाखवा. दहापैकी नऊ वेळा ती साधी गारगोटी निघते किंवा मँगनीजची झाडासारखी नक्षी. नक्षी निघाली तर वाईट वाटून घेऊ नका. ती कशी तयार होते हे विचारा, तिथल्या कोणालाही ते सांगायला आवडेल.